म्हैस दूध चोरत नाही

सांजच्या धारेला बादलीची कडी वाजली की गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवते, मान वळवून दाराकडं बघते. पुढ्यात आंबोणाचं घमेलं येतं, कासेवर कोमट पाणी पडतं, ओळखीचा हात फिरतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत सड टंच होतात. आपण म्हणतो, म्हैस पान्हवली. एखाद्या दिवशी धारेला नवा गडी बसतो, नाहीतर शेजारी कुणी आरडाओरडा करतं. तीच म्हैस मग पाय झाडत उभी राहते आणि धार काही लागत नाही. आपण लगेच म्हणतो, दूध चोरतेय. कुणी काठी उचलतं, तर कुणी खिशातली बाटली काढून मानेत सुई टोचतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या म्हैसवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की ती चोरत नाही. दूध कासेत असतं, पण ते सोडणं तिच्या मर्जीवर नसतं. पान्हा आधी मेंदूत फुटतो, मग कासेत.

सडाला हात लागला, रेडकू ढुसण्या द्यायला लागलं, की मेंदूच्या तळाशी तयार होणारं ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं आणि कासेत पोचतं. तिथं दुधाच्या बारीक पिशव्यांभोवती स्नायूंसारख्या पेशींचं जाळं असतं. त्या पेशींवर हा निरोप ओळखणाऱ्या जागा असतात, त्यांना शास्त्रात ग्राही म्हणतात. ऑक्सिटोसिन तिथं बसलं की पेशी आवळतात आणि दूध खाली ढकललं जातं. गाईच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध आधीच खालच्या टाकीत उतरलेलं असतं. म्हशीचं उतरलेलं असतं ते जेमतेम विसावा हिस्सा. म्हणून पान्हा फुटला नाही तर गाय थोडंफार तरी देते, म्हैस जवळजवळ कोरडीच राहते.

हा निरोप सुटायला हात लागायलाच हवा, असंही नाही. रोज कडी वाजल्यावर आंबोण आणि रेडकू येत असेल, तर काही दिवसांनी नुसत्या कडीनंही पान्हा येऊ लागतो. ती हे शिकते. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन सोडणाऱ्या पेशी तपासल्या. सुरुवातीला तोंडात रसाचा थेंब पडल्यावर त्या जाग्या व्हायच्या. खुणेचा दिवा लागला की रस मिळतो, हे माकडाला कळल्यावर त्या दिवा लागतानाच जाग्या व्हायला लागल्या. ते रसायन वेगळं आणि जनावरही वेगळं, पण आपल्या गोठ्यातली कडी त्या दिव्याचंच काम करते.

जनावर भीतीही शिकतं, आणि ती फार लवकर शिकतं. १९४१ साली अमेरिकेत ईली आणि पीटरसन या दोघांनी धारेच्या वेळी गाईंना मुद्दाम दचकवलं. पाठीवर मांजर ठेवलं, कानाशी कागदी पिशव्या फोडल्या. दूध अडलं. घाबरलेल्या जनावराच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिन चढतं, कासेकडच्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि बऱ्याचदा मेंदू ऑक्सिटोसिन सोडतच नाही. घाबरण्याच्या वेळी मेंदूत सुटणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन ती आठवणही घट्ट करतं. धारेच्या वेळी मारलेली एक काठी म्हणून आठवडाभराच्या धारा बिघडवू शकते. काठी तुम्ही विसरता. म्हैस बादली, जागा आणि तुमचा आवाज, सगळं त्या काठीशी जोडून ठेवते.

आता बाटलीबद्दल. तिच्यात असतं ते ऑक्सिटोसिनच, म्हणून टोचल्यावर दूध उतरतं, यात खोटं काही नाही. पण ती मात्रा शरीर स्वतः सोडतं त्याच्या कितीतरी पट असते. हे रोज घडलं की कासेला मोठ्या हाकेची सवय लागते आणि शरीराचा स्वतःचा हळू निरोप तिला पुरेसा होत नाही. सुई चुकली की म्हैस पान्हवत नाही आणि आपल्याला वाटतं, बघा, सुईशिवाय ही देतच नाही! जनावराला अपाय होईल अशा रीतीनं दूध वाढवायला काहीही टोचणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि जनावर सरकारजमा होतं. अडलेल्या वितात डॉक्टर हेच औषध देतात, ती गोष्ट वेगळी.

सुईशिवाय काय होऊ शकतं, ते आपल्याच मातीतल्या जनावरानं दाखवलंय. लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस बघा. कोल्हापूरच्या दूधकट्ट्यांवर गवळी तिला भर रस्त्यात उभी करतात आणि गिऱ्हाईकासमोर पेल्यात धारोष्ण दूध काढून देतात. गाड्यांचे हॉर्न वाजत असतात, माणसं दाटलेली असतात आणि तरीही ती पान्हवते, कारण गवळ्याचा हात तोच, हाकही तीच आणि तिथं तिला कधी मार बसलेला नसतो.

रेडकू मेलं तर अडचण खरीच मोठी असते. जुन्या माणसांनी त्याच्या कातड्यात भुसा भरून ते म्हशीपुढं ठेवायची युक्ती काढली, ती वासावर चालते. इंग्लंडमध्ये कीथ केंड्रिक यांनी मेंढ्यांवर काम करून दाखवलं, की व्यायल्यावरच्या पहिल्या एक-दोन तासांत ऑक्सिटोसिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन आईच्या मेंदूत पिलाचा वास पक्का करतात. आपल्या धनगरांना ती वेळ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

आमच्या शेजारच्या काकूंची म्हैस अशीच पहिल्या वितात रेडकाविना राहिली. काकूंनी कातडंही वापरलं नाही आणि सुईही नाही. पहाटे ठरल्या वेळी तेच जुनं लुगडं नेसून त्या जायच्या, पेंडीचं आंबोण पुढं ठेवायच्या, पाठीवरून हात फिरवत दोन मिनिटं नुसत्या बोलत बसायच्या आणि मग सडाला हात लावायच्या. आठवडाभर निम्मंच दूध आलं. घरचे कुरकुरले. तिसऱ्या आठवड्यात काकू गोठ्याच्या दारात दिसल्या की सडातून थेंब गळायला लागायचे.

तेव्हा वेळ, जागा आणि धार काढणारा माणूस शक्यतो बदलू नका. कास धुवून मिनिट-दोन मिनिटं थांबा. पान्हा आला की सात-आठ मिनिटांत धार आटपा, कारण रक्तातलं ऑक्सिटोसिन फार टिकत नाही. त्या वेळी गोठ्यात कुत्रं नको, भांडण नको, परका माणूस नको. बाजारात म्हैस घेताना विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. दोन्ही वेळची धार स्वतः उभं राहून बघा आणि मानेवर सुईच्या खुणा आहेत का, तेही चाचपा.

तुमच्या म्हशीला सुईची सवय लागलीच असेल, तर ती एका दिवसात झटक्यानं तोडू नका. कासेत दूध अडून दगडी होण्याची भीती असते. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किती दिवस काय टोचलं ते न लपवता सांगा आणि ते सांगतील तसं कमी करत आणा. त्या दिवसांत दूध घटेल, ते घटू द्या. रतिबाच्या गिऱ्हाईकाला आधीच सांगून ठेवा, की पंधरा-वीस दिवस अर्धा लिटर कमी येईल.