खातं बंद करा, पण कारण सांगा

ऑनलाइन जाहिरातींचं खातं बंद झालं की पडद्यावर जेमतेम दोन ओळी येतात: धोरणाचं उल्लंघन झाल्यामुळे आपलं खातं निलंबित केलं आहे. कोणती जाहिरात, कोणता शब्द, कोणतं पेमेंट, काही नाही. दाद मागायला फॉर्म असतो. तो भरला की त्याच शब्दांत नकार येतो. छोट्या व्यावसायिकांच्या जाहिराती सांभाळणं हे माझं काम आहे, आणि हापूसवाल्याचं खातं ऐन एप्रिलमध्ये बंद पडणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. अढीत घातलेला आंबा अपिलाच्या निकालासाठी थांबत नाही. आठ-दहा दिवसांत तो पिकतो, आणि गिऱ्हाईक मिळालं नाही तर पेट्या वाशीच्या घाऊक बाजारात जातात, मिळेल त्या भावाने. ज्या दलालीतून सुटायला बागायतदाराने थेट विक्री सुरू केली, तिच्याच दारात त्याला परत उभं राहावं लागतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: कंपनी खाजगी आहे, अटी तुम्हीच मान्य केल्या होत्या. नियम करण्याचा कंपनीचा हक्क मला मान्य आहे. फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणानेही तो मान्य केला होता. तरीही डिसेंबर 2019 मध्ये त्याने गूगलला 15 कोटी युरोंचा दंड ठोठावला. जाहिरात-सेवेचे नियम संदिग्ध आहेत आणि त्यांची अंमलबजावणी मनमानी आहे, असा ठपका होता. तक्रारदार जिबमीडिया या कंपनीचं खातं पूर्वसूचनेशिवाय बंद झालं होतं. बाजारावर ज्याचं वर्चस्व आहे त्याचे नियम स्पष्ट हवेत आणि सगळ्यांना सारखे लागू हवेत, एवढं साधं तत्त्व त्यामागे आहे. ‘पटत नसेल तर दुसरीकडे जा’ या सल्ल्यालाही त्यामुळे अर्थ उरत नाही. गिऱ्हाईक जिथे शोधतं, तिथेच विकणाऱ्याला उभं राहावं लागतं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. फसवणूक अफाट वाढली आहे. एकट्या गूगलने 2024 मध्ये जाहिरातदारांची 3.92 कोटी खाती निलंबित केल्याचं स्वतः जाहीर केलं. नामवंतांचे बनावट व्हिडिओ दाखवून गुंतवणुकीच्या नावाखाली लोकांची आयुष्यभराची पुंजी लुटली जाते. तेव्हा कारवाई झटपट हवी, यंत्राच्या मदतीने हवी, यात वाद नाही.

पण ‘कारण सांगितलं तर भामटे पळवाट शोधतील’ हे मला अजिबात पटत नाही. भामट्याला कारणाची गरजच नसते. चोरीचं कार्ड, नवं नाव, नवं डोमेन, की झालं त्याचं दुसरं खातं सुरू. अडकतो तो ज्याचं पॅन, जीएसटी क्रमांक आणि दुकानाचा पत्ता खरा आहे तो. त्याने नाइलाजाने दुसरं खातं उघडलं तर ती ‘यंत्रणेला बगल’ ठरते आणि तेही बंद होतं. बँकेने कार्डाचा व्यवहार नाकारला असेल, वेबसाइटमध्ये कुणी घुसखोराने कोड पेरला असेल. नेमकं काय बिघडलं हे कळलं तर तो ते लगेच निस्तरू शकतो. म्हणजे मौनाचा सगळा भुर्दंड ज्याला गमवायला नाव आहे त्यालाच. चोर सोडून संन्याशाला सुळी ती हीच.

शक्य नाही असं यात काही नाही. युरोपचा डिजिटल सेवा कायदा 17 फेब्रुवारी 2024 पासून पूर्णपणे लागू आहे. खातं बंद करताना नेमकं कारण द्यावं, निर्णयात यंत्राचा वापर झाला का ते सांगावं आणि तक्रारीचा निकाल निव्वळ यंत्रावर सोडू नये, असं तो बजावतो. आपल्याकडे 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार निवारण अधिकाऱ्याला 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निवारण अशी मुदत घातली. 2023 मध्ये अपील समित्याही आल्या. या चौकटीत जाहिरात-खात्याचं निलंबन नाव घेऊन, स्पष्टपणे बसवावं. कारण लेखी मिळावं. अपील माणसाने वाचावं आणि मोसमी धंद्यांसाठी त्याची मुदत दिवसांत मोजावी. ज्याची ओळख पडताळलेली आहे आणि ज्याने वर्षानुवर्षं बिलं चुकती केली आहेत, अशा जाहिरातदाराला निकाल लागेपर्यंत ठरावीक मर्यादेत खर्च करू द्यावा. त्यात कंपनीचा धोका त्या मर्यादेपुरताच राहतो, आणि बागायतदाराचा मोसम वाचतो.