‘नाही’ म्हणू देणारे अँड्रॉइड

अँड्रॉइडच्या आवृत्त्यांची चर्चा निघाली की मोठेपणाचा मान २०१४च्या लॉलीपॉपला मिळतो आणि पुढच्याच वर्षी आलेल्या मार्शमॅलोची बोळवण ‘किरकोळ डागडुजी’ म्हणून होते. हा निवाडा मला साफ अमान्य आहे.

लॉलीपॉपची बाजू लंगडी नाही. मटेरियल डिझाइनने पडद्याचे रूप पालटले, ॲप्स चालवणारी दाल्विक ही यंत्रणा जाऊन एआरटी आली. अँड्रॉइडच्या भाषांच्या यादीत मराठी आली तीही याच आवृत्तीत, आणि ते ऋण मोठे आहे. पण फोन ज्याच्या हातात, त्याचा आपल्या माहितीवर हक्क किती? या प्रश्नावर लॉलीपॉप जागचा हलला नव्हता. ॲप घेताना परवानग्यांची यादी समोर यायची. सगळी मान्य करा, नाहीतर ॲप सोडा. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ या टॉर्चच्या ॲपवर कारवाई केली; ते वापरणाऱ्याचा ठावठिकाणा जाहिरात कंपन्यांना पुरवत होते. उजेड पाडायला ठिकाण कशाला लागते? आणि त्याच महिन्यात ‘ॲप ऑप्स’ ही परवानग्या एकेक करून बंद करण्याची सोय गूगलने अँड्रॉइड ४.४.२ मधून काढून टाकली. ती चुकून बाहेर पडली होती, असे कारण दिले.

ऑक्टोबर २०१५च्या मार्शमॅलोने हा व्यवहारच उलटा केला. कॅमेरा, मायक्रोफोन, ठिकाण, संपर्क, एसएमएस यांपैकी जे हवे ते ॲपने गरज पडेल तेव्हा मागावे, एकेक मागावे. आणि दिलेली परवानगी मालकाने सेटिंग्जमध्ये जाऊन कधीही काढून घ्यावी. फोन नुसता पडून असताना ॲप्सची कामे रोखणाऱ्या ‘डोझ’मुळे बॅटरी वाचू लागली, ते वेगळेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: लोक न वाचता ‘अलाउ’ दाबतात. दाबतात, हे खरे. पण ॲप घेतानाची लांबलचक यादी नजरेआड करणे सोपे असते. कॅल्क्युलेटरने मध्येच संपर्क मागितले की माणूस थबकतो. आणि घाईत दिलेला होकार इथे उद्या मागे घेता येतो. लॉलीपॉपमध्ये त्यासाठी ॲपच काढून टाकावे लागे.

दुसरा आक्षेप असा की, जुन्या पद्धतीने बांधलेली ॲप्स पूर्वीसारख्याच सगळ्या परवानग्या एकदम घेत राहिली. हेही खरे. प्ले स्टोअरने ही पळवाट २०१८ मध्ये बुजवायला घेतली, आणि तोवर झालेला उशीर अक्षम्य आहे. पण तो दोष गूगलच्या ढिलाईचा आहे, मार्शमॅलोच्या तत्त्वाचा नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड. संपर्क दिल्याशिवाय कर्ज नाही, असे कर्जाची ॲप्स म्हणत, आणि हप्ता चुकला की त्याच यादीतल्या नातेवाइकांना फोन करून माणसाची अब्रू काढत. अडलेल्याचा होकार हा होकार नव्हेच. तिथे फोनची सोय अपुरी पडते, कायदाच लागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा ॲप्सना संपर्क, कॉल लॉग आणि फाइल्सना हात लावायला मनाई केली. पण त्या नियमाचा भंग सामान्य माणसाला ओळखता येतो तो मार्शमॅलोमुळे. कर्जाचे ॲप आज संपर्क मागते तेव्हा ती मागणी पडद्यावर एकटी, उघडी उभी असते. जुन्या यादीत ती इतर दहा ओळींत सहज दडली असती.

अँड्रॉइड १० मधली ‘वापरात असतानाच ठिकाण’ आणि ११ मधली ‘फक्त एकदाच’ ही परवानगी याच पायावर उभी आहे. माझी तक्रार उरते ती एकच: इंटरनेट वापरायची परवानगी ॲप्सना अजूनही न विचारता मिळते. तीही मागायला लावली पाहिजे.

तोवर वाचकांनी एवढे करावे. सेटिंग्जमधला परवानग्यांचा भाग उघडा आणि एसएमएस कोणकोणती ॲप्स वाचतात ते पाहा. बँकेचे ओटीपी तिथेच येतात. ज्या ॲपला त्यांची गरज का, हे तुम्हाला सांगता येणार नाही, त्याची परवानगी आजच काढून घ्या.