राखेचे खाते

गेल्या उन्हाळ्यात रामटेकच्या घराला मागच्या अंगाने दोन खोल्या वाढवायला घेतल्या. विटांचा पहिला ट्रॅक्टर दारात रिकामा झाला आणि सुट्टीत आलेली नात ढिगाजवळ जाऊन उभी राहिली. नववीतली मुलगी. करड्या रंगाची एक वीट उचलून तिने विचारले, "आबा, ही राखेची वीट ना? राखेत युरेनियम असतं असं आमच्या मॅडमनी सांगितलं. मग तुम्ही यात झोपणार?"

गवंडी हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण या विटांशी माझे जुने देणेघेणे आहे.

औष्णिक वीज केंद्रांच्या राखेबद्दल केंद्र सरकारने १९९९ साली अधिसूचना काढली. केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांनी मातीत किमान पाव हिस्सा राख मिसळावी, असा त्यात नियम होता. कोराडी आणि खापरखेडा आपल्या जिल्ह्यातच. पुढच्या काही वर्षांत राखेच्या विटांसाठी कर्ज मागणारे अर्ज बँकेत येऊ लागले. पहिल्या अर्जदाराला मी विचारले, कच्च्या मालाचे काय? तो म्हणाला, "फुकट भेटते साहेब. राखेले कोण इचारते?" तारण पाहिले, हमीदार पाहिला, परतफेडीची कुवत पाहिली आणि शेरा मारला, 'कच्चा माल मुबलक.' कर्ज वेळेवर फिटले. मात्र त्या राखेत काय आहे, हा रकाना अर्जात नव्हता आणि तो असावा असे मलाही सुचले नाही.

नातीचे म्हणणे खोटे नव्हते. दगडी कोळशात युरेनियम आणि थोरियम अत्यल्प प्रमाणात असतात. तसे ते शेतातल्या मातीत आणि देवळाच्या दगडातही असतात. पण आपल्या देशातल्या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के. शंभर किलो कोळसा जाळला की चाळीसेक किलो राख उरते. कोळसा जळून जातो, ही मूलद्रव्ये बहुतांशी राखेत राहतात. शंभर किलोंत पसरलेले चाळीस किलोंत आले म्हणजे दाटी अडीचपट झाली. एवढे गणित कारकुनालाही करता येते.

म्हणून घाबरून विटा परत पाठवाव्यात का? नाही. युरेनियम किंवा थोरियमच्या साखळीतला पदार्थ ग्रॅममागे एक बेकरेलच्या आत असेल, म्हणजे एका ग्रॅममध्ये सेकंदाला सरासरी एकाहून कमी अणू फुटत असतील, तर त्यावर खास निर्बंध घालण्याची गरज नसते, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. कोळशाची राख बहुधा या मर्यादेच्या आतच राहते. विटेत ती सिमेंट किंवा चुन्याने बांधलेली असते. शिवाय या विटेमुळे शेताची सुपीक माती वाचते.

पण 'बहुधा' या शब्दावर कुठली बँक कर्ज देत नाही. कोळसा खाणीखाणीत आणि थराथरात बदलतो, तशी राखही बदलते. रेडियममधून रेडॉन नावाचा वायू सुटतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचा क्रमांक लागतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो जमिनीतूनही येतो आणि भिंतीतूनही, पण खेळत्या हवेत विरून जातो. आपल्याकडे कूलर लावला की खिडकी उघडी ठेवावी लागते. एसी आला की तीच खिडकी बंद होते. घर बदलते तसा धोक्याचा हिशेबही बदलतो.

हा हिशेब वेळेवर न ठेवल्याने काय होते, हे मलेशियातल्या बुकित मेरा गावाने पाहिले. इपोह शहराजवळच्या या गावात १९८२ साली एक कारखाना सुरू झाला. कथलाच्या खाणींनी टाकून दिलेल्या वाळूतून तो दुर्मिळ मृदा धातू काढत असे. टाकाऊतून टिकाऊ, असे कुणालाही वाटावे. पण त्या वाळूत मोनाझाइट होते आणि मोनाझाइटमध्ये थोरियम. धातू काढून घेतल्यावर थोरियमचा गाळ मागे राहिला. गावकरी १९८५ साली न्यायालयात गेले. १९९२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, पुढच्याच वर्षी वरच्या न्यायालयात तो फिरला, आणि १९९४ मध्ये कारखाना अखेर बंद झाला. त्यानंतरही साफसफाई चालूच राहिली. खर्च सुमारे दहा कोटी डॉलर. कारखाना बारा वर्षांचा, त्याची निस्तर त्याहून लांब.

आपली राख म्हणजे बुकित मेराचा गाळ नव्हे. थोरियमच्या प्रमाणात दोहोंची बरोबरीच होत नाही. पण ढीग आधी आणि मोजणी नंतर, ही सवय तीच. १६ जुलै २०२२ रोजी मुसळधार पावसात कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखतलावाचा बांध फुटला. राखेचा चिखल शेतांत आणि कोलार नदीत गेला, तिथून कन्हानकडे. कन्हानचे पाणी नागपूरकर पितात. राखेत किरणोत्साराखेरीज आर्सेनिक, क्रोमियम यांसारखेही पदार्थ असतात, आणि सांडलेल्या राखेत त्यांचीच काळजी आधी करावी लागते. भिंतीत बांधलेली राख एक आणि नदीत सुटलेली राख दुसरी, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेने केंद्रांना सर्व राख वापरात आणण्याचे बंधन घातले आणि तलावांत साठलेली जुनी राखही दहा वर्षांत उचलायला सांगितले. हेतू चांगला आहे. पण म्हणजे आज तलावात एका जागी दिसणारी राख उद्या रस्त्यांच्या भरावात, जुन्या खाणींच्या खड्ड्यांत आणि आपल्या घरांत वाटली जाणार. ढीग दिसतो, म्हणून त्याची तक्रार तरी होते. वाटून गेलेल्या राखेची आठवण कोण ठेवणार?

इथे मला आमच्या गडाकडे पाहावेसे वाटते. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या पायापासून दिला गेला. रामगिरी म्हणजे रामटेकच, असे महामहोपाध्याय मिराशींनी मांडले. दिलेल्या जमिनीची नोंद त्या तांब्याच्या पत्र्यावर आहे आणि सुमारे दीड हजार वर्षांनंतर आपण ती वाचू शकतो. रेडियमचे अर्धे आयुष्य १,६०० वर्षांचे. राणीच्या काळी कुणी गडाच्या पायथ्याशी निव्वळ रेडियम पुरले असते, तर त्यातले जवळपास निम्मे आज शिल्लक असते. राखेत तर रेडियमला जन्म देणारे युरेनियमही सोबत असते, म्हणजे मुद्दल कायम आणि व्याज चालू. अशा देण्याची नोंद पावसाळ्यात भिजणाऱ्या फायलीत ठेवून कसे चालेल?

मागणे मोठे नाही. राखेच्या प्रत्येक खेपेसोबत ती कुठल्या केंद्राची, कुठल्या तलावातली आणि तिच्यात रेडियम, थोरियम व पोटॅशियम किती, याचा दाखला असावा. भराव जिथे पडेल त्या गट क्रमांकाची नोंद ग्रामपंचायतीत आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, म्हणजे तिथे विहीर खणणाऱ्याला कळेल. तलाव रिकामा झाल्यावरही त्या जागेचे पाणी तपासत राहण्यासाठी केंद्राने वेगळी ठेव ठेवावी आणि ती मोडण्याची मुभा कुणाला नसावी. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून मुंबईत आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाची कचेरी नागपुरात आहे. मोजणारे आहेत. मोजलेले आकडे गावात पोचायला हवेत.

विटा मी परत पाठवल्या नाहीत. खोल्यांना समोरासमोर खिडक्या ठेवल्या. विटा आणणाऱ्याला राख कुठली ते विचारले. त्याने केंद्राचे नाव सांगितले, त्यापलीकडे त्याला माहीत नव्हते. नातीने वहीचा एक कागद फाडून त्यावर केंद्राचे नाव, विटांची संख्या आणि तारीख लिहिली, खाली 'रेडियम' असे लिहून पुढची जागा कोरी सोडली. घराच्या खरेदीखताच्या पेटीत तो कागद ठेवला आहे. कोऱ्या जागेत आकडा भरायला मी नमुन्याची वीट काढून ठेवली आहे.