एक कोपरा रानफुलांचा

पहिल्या पावसाची चाहूल लागली की घरोघरी कुंड्या भरल्या जातात आणि रोपवाटिकेतून येतात ती बहुतेक परदेशी फुलं. माझं आग्रहाचं सांगणं आहे, यंदा बागेचा एक कोपरा तेरड्याला आणि रानहळदीला द्या. दोन्ही आपल्याच मातीतली. तेरड्याचं बी जूनमध्ये ओल्या मातीवर विखुरलं की गौरी-गणपतीपर्यंत रोपं फुलांनी भरतात. पिकलेली बोंडं नुसत्या स्पर्शानं फुटतात आणि बी दूरवर उधळतात. पुढच्या वर्षी बहुधा पेरावंही लागत नाही. रानहळद कंदातून येते. पावसाळा सरला की तिची पानं वाळतात, पण रोप मेलं समजून कुंडी रिकामी करू नका. जमिनीतला कंद पुढच्या पावसाची वाट पाहत असतो. कळलावीही अशीच कंदातून उगवते आणि देखणी फुलते, मात्र ती अतिशय विषारी, म्हणून लहान मुलं किंवा गुरं असलेल्या घरी ती नकोच. आणि या हौसेपायी कासच्या पठारावर किंवा कोकणातल्या सड्यावर खुरपं घेऊन जाऊ नका. कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. तिथली सीतेची आसवं कातळावरच्या पातळ, निकस, ओल्या मातीत सूक्ष्म जीव पकडून जगतात. शेणखत घातलेल्या कुंडीत ती टिकत नाहीत. बी घ्यायचं तर परसातून, शेताच्या बांधावरून आणि मूठभरच घ्या. उरलेलं तिथल्या मातीचं आहे.