दोष एकट्या वावराचा कसा?



डोबलेली सरकी उगवली नाही तर आपण काय करतो? मातीत बोट घालून ओल पाहतो, बियाणे उकरून पाहतो, पिशवीवरचा उगवणीचा टक्का वाचतो, मग दुकानदाराशी भांडतो. एकट्या वावराला शिव्या देत नाही. घरात पाळणा हलला नाही की मात्र ही अक्कल कुठे जाते? उपास सुनेला, टोमणे सुनेला आणि दोन वर्षांनी दुसऱ्या सोयरिकीची बोलणी!

मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडेही कारण असते. त्याची वीर्यतपासणी सगळ्यांत सोपी आणि स्वस्त. तरी तो दवाखान्याची पायरी चढत नाही. १९७७ साली अमेरिकेत डीबीसीपी या शेतीऔषधाच्या कारखान्यातले मजूर तपासले, तेव्हा अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतूच सापडले नाहीत. पाठीवर फवारणीचा पंप घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की विष पुरुषाची मर्दुमकी पाहत नाही.

आता चांदूर रेल्वेची जोडपीही रेल्वेने नागपूरला, एसटीने अमरावतीला टेस्ट ट्यूब बेबीसाठी जातात. खुशाल जावे. पण बाहेर फलित केलेल्या बीजांपैकी साधारण निम्मीच पाचव्या दिवसापर्यंत वाढतात, आणि वाढलेला प्रत्येक गर्भ रुजतोच असे नाही. बाईचे वय वाढते तशी आशा कमी होते. गर्भ मध्येच थांबतो तो बहुधा गुणसूत्रांच्या बिघाडाने. ती निंदणाला गेली किंवा तिने पाण्याची गुंडी उचलली म्हणून नव्हे.

म्हणून एकर विकण्याआधी विचारा. २०२१ च्या कायद्याने अशा प्रत्येक दवाखान्याला नोंदणी सक्तीची आहे. यशाची शक्यता, खर्च आणि धोके जोडप्याला समजावून सांगणे, लेखी संमती घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे. बियाण्याची पावती मागतो, तशी इथेही सगळ्या खर्चाची यादी मागा. एक खेप फसली तर पुढचा पैसा कुठून आणायचा, हे नवराबायकोने पहिल्या खेपेआधीच ठरवा.

आणि सरकारला आमचा सवाल आहे. शास्त्रीय नोंद असलेले देशातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ, हर्षा, ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मले ते मुंबई महापालिकेच्या केईएम रुग्णालयात. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि सरकारी संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांनी ते काम केले. लोकांच्या पैशावर उभी राहिलेली ही विद्या आज बहुतेक खासगी दवाखान्यांतच मिळते. कापूसवाल्याने ती वावर विकूनच घ्यायची काय? निदान दोघांची पहिली तपासणी आणि खरा सल्ला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळालाच पाहिजे.

तोवर एवढे तरी आपल्या हातात आहे: तपासणीला दोघांनी जावे, आणि वांझ हा शब्द आपल्या गावातून हद्दपार करावा.