प्रेशर वाढवलं की झालं?

आपल्याकडे कुठल्याही दुखण्यावर एक रामबाण उपाय ठरलेला आहे - प्रेशर वाढवा! नळाला पाणी येत नाही? मोठा पंप बसवा. मार्क कमी पडले? अजून एक क्लास लावा. आणि ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स स्लिप होतोय? मग लाइन प्रेशर वाढवा!

पहिल्या दोन विषयांवर वाद घालायला होस्टेलची गच्ची आहेच. तिसऱ्याबद्दल मात्र इथे लिहावंसं वाटलं. माझं मत सरळ आहे. लाइन प्रेशर वाढवणं ही ॲडजस्टमेंट आहे, रिपेअर नाही. गेज न लावता जो कोणी ते वाढवतो, तो इंजिनिअरिंग करत नसतो, अंदाज बांधत असतो.

एक आधीच सांगते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे 'दाबनियंत्रक झडप' वगैरे शब्दांची माझ्याकडून अपेक्षा ठेवू नका. प्रेशर रेग्युलेटर व्हॉल्व्ह म्हणजे प्रेशर रेग्युलेटर व्हॉल्व्ह!

आता कॉम्प्युटर आणि सिव्हिलवाल्यांसाठी थोडक्यात. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडल नसतं, पण गिअरबॉक्सच्या पोटात क्लच असतात, आणि तेही एक नाही, अनेक. प्रत्येक क्लच म्हणजे एकाआड एक रचलेल्या चकत्या, एक स्टीलची, एक फ्रिक्शनची. त्यांच्यामागे एक पिस्टन. पिस्टनवर ऑइलचं प्रेशर आलं की चकत्या घट्ट दाबल्या जातात आणि तो गिअर पडतो. हे ऑइल इंजिनवर फिरणाऱ्या पंपाकडून येतं. पंपातून निघून रेग्युलेटर व्हॉल्व्हने ठरवलेलं जे मुख्य प्रेशर, तेच लाइन प्रेशर. ते कमी पडलं तर चकत्या घसरतात आणि जळतात. जास्त झालं तर गिअर धाडकन पडतो, आतल्या पार्ट्सना दणके बसतात, पंप इंजिनाची ताकद फुकट खातो आणि ऑइल तापतं. म्हणजे ते हवं तेवढंच हवं, आणि 'हवं तेवढं' हे दर क्षणाला बदलत असतं. सिग्नलला उभ्या गाडीला जेवढं लागतं त्याच्या कितीतरी पट घाटात लागतं.

हे 'हवं तेवढं' ठरवायचं कोणी? जनरल मोटर्सने १९८२ च्या मॉडेल्समध्ये आणलेल्या ७००आर४ या गिअरबॉक्समध्ये हे काम एक केबल करायची. ॲक्सिलरेटर जेवढा दाबाल तेवढी केबल ओढली जायची आणि तेवढं प्रेशर वाढायचं. गंमत म्हणजे गिअर कधी बदलायचा तेही त्याच केबलवर. त्यामुळे 'गिअर जरा लवकर पडू दे' म्हणून कोणी केबल सैल केली, की लाइन प्रेशरही खाली यायचं आणि बिचारे क्लच जळायचे. एकाच कानाला धरून दोन पोरांना ओढण्याचा प्रकार!

त्याचाच पुढचा अवतार ४एल६०-ई १९९३ पासून आला. त्यात ही दोन कामं वेगळी झाली. गिअर कधी बदलायचा ते शिफ्ट सोलेनॉइड बघतात, आणि प्रेशर किती ठेवायचं ते प्रेशर कंट्रोल सोलेनॉइड. इंजिन किती टॉर्क देतंय याचा हिशोब कॉम्प्युटर करतो आणि त्याप्रमाणे सोलेनॉइडला करंट देतो. इथला उलटा कारभार मला फार आवडतो. करंट साधारण एक अँपिअर असेल तर प्रेशर सगळ्यात कमी, म्हणजे साठ पीएसआयच्या आसपास. करंट शून्य झाला की प्रेशर सगळ्यात जास्त, १७० च्याही वर. असं का? उद्या वायर तुटली तर गिअर दणके देत पडतील, पण क्लच जळणार नाहीत आणि गाडी घरी पोहोचेल. ज्याने हे डिझाइन केलं त्याने बिघाडाचा विचार आधी केला, आरामाचा नंतर.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. हा कॉम्प्युटर शिकतो सुद्धा! गिअर बदलायला किती वेळ लागला ते तो स्पीड सेन्सरवरून मोजतो. जास्त वेळ लागला तर पुढच्या वेळी थोडं प्रेशर वाढवून बघतो. म्हणजे ड्रायव्हरला स्लिप जाणवेपर्यंत कॉम्प्युटरने बहुधा स्वतःच प्रेशर वाढवून पाहिलेलं असतं. त्या काळच्या जीएम गाड्यांमध्ये पी१८७० नावाचा एक कोड असतो, 'आतला कुठला तरी पार्ट घसरतोय' अशा अर्थाचा. तो आला की कॉम्प्युटर लाइन प्रेशर थेट कमाल मर्यादेवर नेतो. ड्रायव्हर म्हणतो, 'गिअर दणकतोय, प्रेशरचा प्रॉब्लेम दिसतोय.' प्रत्यक्षात बहुतेक वेळा टॉर्क कन्व्हर्टर क्लचच्या रेग्युलेटर व्हॉल्व्हचं भोक झिजलेलं असतं. प्रेशर हे तापासारखं आहे. ताप दिसतो, रोग दुसराच असतो.

माझा एक मावसभाऊ मिशिगनमध्ये नोकरी करतो. दादाने तिकडे एक जुनी पिकअप घेतली, अशाच चार गिअरच्या इलेक्ट्रॉनिक बॉक्सची. थर्ड पडताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी ओढायची नाही. एका गॅरेजवाल्याने लॅपटॉप जोडून कॉम्प्युटरमधलं प्रेशरचं टेबल वर सरकवून दिलं. गेज वगैरे काही लावलं नाही. तीन आठवडे गाडी मस्त चालली, दादा खूश! मग एक दिवस हायवेवर थर्ड आणि फोर्थ दोन्ही गेले. पॅन उघडला तर ऑइल काळं, करपल्याचा वास आणि तळाला क्लचच्या मटेरियलचा गाळ. दुसऱ्या एकाने बॉक्स पूर्ण खोलला तेव्हा कळलं की त्या क्लचच्या पिस्टनचं रबरी सील कडक होऊन लीक होत होतं. मुख्य लाइनला प्रेशर होतं, पण चकत्यांपर्यंत पूर्ण पोहोचत नव्हतं. एका सीलचं काम होतं, ते संपूर्ण रिबिल्डवर गेलं. आणि त्या तीन आठवड्यांचे पैसे गॅरेजवाल्याने घेतले होते, ते वेगळेच.

मग प्रेशर कधी वाढवूच नये का? असं मी म्हणत नाही. इंजिनाची ताकद वाढवली असेल, जड ट्रेलर ओढायचा असेल, तर वाढवावंच लागतं. टॉर्क वाढला तर चकत्या दाबणारा जोरही वाढायला हवा, हे साधं गणित आहे. पण आधी बॉक्स निरोगी आहे याची खात्री हवी, आणि वाढवायचं ते थोडं थोडं, मोजत.

मोजणं काही फार अवघड नाही. या बॉक्सच्या केसवर प्रेशर टेस्टसाठी एक प्लग असतो. तो काढून तिथे ३०० पीएसआयचं गेज लावायचं. स्कॅन टूलने करंट ०.१ अँपिअरच्या पायरीने बदलायचा आणि रीडिंग मॅन्युअलमधल्या टेबलशी ताडून बघायचं. सगळीकडे कमी येतंय? ऑइलची लेव्हल, फिल्टर, पंप, रेग्युलेटर व्हॉल्व्ह बघा. करंट बदलला तरी रीडिंग हलत नाही? सोलेनॉइड, वायरिंग, किंवा अडकलेला व्हॉल्व्ह. रीडिंग बरोबर आहे पण गाडी तरी स्लिप होते? मग दोष लाइनच्या पुढे आहे, सीलमध्ये किंवा चकत्यांमध्ये, आणि तुम्ही कितीही प्रेशर वाढवलं तरी ते लीकलाच खतपाणी! अर्ध्या तासाच्या या टेस्टने दादाचा बॉक्स वाचला असता. निदान आजार लाइनमध्ये नाही एवढं तरी कळलं असतं.

आता मूळ मुद्द्यावर येते, आणि हा खास सरांसाठी आणि मॅडमसाठी आहे. 'ऑटोमॅटिक ट्रान्समिशनची सुबक आकृती काढा' हा दहा मार्कांचा प्रश्न आम्ही सगळे सोडवतो. पॉवर फ्लोचे बाण डोळे मिटून काढतो. पण आमच्यापैकी किती जणांनी एका तरी गिअरबॉक्सला गेज लावून काटा हलताना पाहिलाय? कोणी म्हणेल, आपल्याकडे छोट्या गाड्यांत एएमटी असतो, त्यात हे काही नसतं. मान्य, एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर हलवणारे हात मशीनचे. पण टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाड्या आपल्या रस्त्यावर भरपूर आहेत, आणि सीव्हीटीमध्ये तर बेल्ट घट्ट धरून ठेवणंच प्रेशरवर चालतं. उद्या त्या गाड्या आमच्याच हाताखाली येणार आहेत.

म्हणून एक मागणी. लॅबसाठी स्क्रॅपमधून एक जुना ऑटोमॅटिक बॉक्स आणा, मोटरवर फिरवा, एक गेज लावा आणि त्यातला एक सील मुद्दाम कापून ठेवा. मग आम्हाला सांगा, 'शोधा.' जर्नलमध्ये लिहायला दोनच पानं होतील, पण ती कॉपी करता येणार नाहीत. आणि कॅम्पसबाहेर पडल्यावर कोणी म्हणालं, 'प्रेशर वाढवून दे ना!' तर आमच्यातला एक तरी जण आधी विचारेल, 'आत्ता किती आहे?'

- तृतीय वर्ष, मेकॅनिकल