नवोदित म्हणजे पस्तिशीच्या आतलाच का?

"अजून लहान आहे, अनुभव कुठंय त्याला?" नाहीतर "आता वय झालं, तेच तेच लिहितात." पुस्तक उघडायच्या आधीच आपली ही दोन वाक्यं तयार असतात.

'कोसला' 1963 साली आली, तेव्हा नेमाडे पंचविशीत होते. ती तगमग पन्नाशीत आठवून तशी उतरली नसती. उलट लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 चा. बाईंनी साठी ओलांडली होती. स्वतःच्या हालअपेष्टांवर असं हसायला मधे बरीच वर्षं जावी लागतात.

म्हणजे लिखाणात वय दिसतं का? दिसतं की! पण ते नजरेत दिसतं. दर्जा वयावर ठरत नाही.

साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला 35 वर्षांची अट आहे. तो तरुणांसाठीच आहे, तक्रार नाही. पण गावोगावच्या स्पर्धांत 'नवोदित' म्हणूनही जेव्हा पस्तिशीच्या आतलेच घेतात, तेव्हा खटकतं. पोरांची शिक्षणं, लग्नं उरकून पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा वही उघडणारी बाई मग कोण? निवृत्तीनंतर पहिलं पुस्तक काढणारा कंडक्टर कोण? तरुणांच्या गटात त्यांना जागा नाही, आणि खुल्या गटात समोर दहा-दहा पुस्तकंवाले.

आयोजकांनो, एवढंच करा: नवोदित म्हणजे ज्याचं पहिलं पुस्तक आहे तो. जन्मतारखेचा रकानाच काढून टाका.

तुमच्या भागातल्या स्पर्धांत काय अट असते? कमेंटमध्ये सांगा.